घ्राणेंद्रियाची उपेक्षा : एक ऐतिहासिक विवेचन

जून महिना उजाडला, शाळा सुरू झाल्या, की मराठीच्या तासाला ‘पहिला पाऊस’ हा निबंध व्हायचाच, ही आपल्या शाळांची जुनी रीत आहे. प्रस्तुत लेखकाने तीस वर्षांच्या अध्यापनात असे निबंध किती तपासले असतील याची गणती नाही. त्यांत प्रथम उकाडा येतो, मग ढग येतात, आणि तिसऱ्या परिच्छेदात मृद्गंध येतो. मृद्गंध आला की आम्ही शिक्षक समाधानाने समासात बरोबरची खूण करतो.

दोन वर्षांपूर्वी बेळगावकडील आमच्या शाळेत नववीच्या एका मुलीच्या वहीत मात्र निराळाच मजकूर आढळला. कौलांवर वाजणारा पाऊस, अंगणातला चिखल, गारव्याने अंगावर आलेला काटा, हे सर्व तिने चांगले लिहिले होते. पुढे तीन वाक्ये होती : ‘मातीला वास सुटतो असे सर्व म्हणतात. मला तो कधी आलेला नाही. मागल्या वर्षी मी तो आला असे लिहिले होते, ते खोटे होते.’

मुलीला बोलावून घेतले. हळूहळू कळले ते असे, की तिला जन्मापासून कोणताच वास येत नाही. लहानपणी इतर मुली फूल नाकाशी नेऊन ‘आहा’ म्हणत, म्हणून तीही म्हणे. वास घेणे म्हणजे फूल नाकाला लावणे, एवढाच तिचा समज होता. चुलीवर दूध करपले तरी ही जागची हलत नाही, म्हणून घरी आळशीपणाचा ठपका तिने कितीदा तरी ऐकला होता. शाळेच्या आरोग्य तपासणीत तिचे डोळे पाहिले गेले होते, कान पाहिले गेले होते. नाकाबद्दल कोणी विचारलेच नव्हते. न विचारणाऱ्यांत मीही होतो. जाता जाता तिने भीत भीत विचारले, ‘सर, मग मला मार्क कमी मिळतील का?’

त्या प्रश्नाने मला जे वाचन करावयास लावले, त्याचा सारांश वाचकांपुढे ठेवीत आहे. वासाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. वास न येणाऱ्या माणसाचा इतिहास मात्र त्याच्या कडेकडेने शोधावा लागतो. तो शोधू गेल्यास असे दिसते, की घ्राणहानीकडे निरनिराळ्या काळांनी कधी मृत्यूचे चिन्ह म्हणून पाहिले, कधी मानवी श्रेष्ठतेची किंमत म्हणून पाहिले, कधी दुसऱ्या एखाद्या रोगाचे लक्षण म्हणून पाहिले. ती स्वतःच एक हानी आहे व ती सोसणारा एक माणूस आहे, ही जाणीव शास्त्राच्या व समाजाच्या व्यवहारात रुजू लागली ती अगदी अलीकडे.

प्रथम आपल्या भाषेचीच साक्ष काढू. ज्याला दिसत नाही तो आंधळा, ऐकू येत नाही तो बहिरा, बोलता येत नाही तो मुका. ज्याला वास येत नाही त्याला काय म्हणावे? आपल्या नित्याच्या बोलीत त्यासाठी रूढ शब्द नाही. ही उणीव शब्ददारिद्र्यामुळे आली म्हणावे, तर तसेही नाही. शिळे तेल खवट, बंद खोली कुबट, लागलेले दूध करपट, भाजलेले बेसन खमंग; दरवळ वेगळा, घमघमाट वेगळा, दर्प वेगळा आणि भपकारा वेगळा. नाकाविषयीचे वाक्प्रचारही थोडे नाहीत. पण नाक कापले जाणे, नाक घासणे, नाकापेक्षा मोती जड होणे, या साऱ्यांतले नाक अब्रूचे आहे, हुंगण्याचे नाही. ‘नकटा’ हा शब्द आहे, तोही नाकाच्या आकाराविषयी. वासाच्या छटा इतक्या बारकाईने टिपणाऱ्या भाषेने ज्याला त्या छटा कळत नाहीत त्याला नाव दिले नाही. ज्याला नाव नाही त्याची दखल घेणे समाजाला जड जाते, हे शिक्षकांना सांगावयास नको.

आपल्या शास्त्रपरंपरेत गंधाला स्थान नव्हते, असे मात्र मुळीच नाही. वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला, आणि त्याचे ग्रहण करणारे घ्राणेंद्रियही पार्थिवच असले पाहिजे, असे अनुमान केले. पाण्याला किंवा वाऱ्याला वास येतो तो त्यांत मिसळलेल्या पृथ्वीच्या अंशांमुळे, अशी त्यांची उपपत्ती होती. अन्नंभट्टाच्या ज्या ‘तर्कसंग्रहा’वर संस्कृत विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या वाढल्या, त्यात रूपाचे सात प्रकार सांगितले आहेत, रसाचे सहा, गंधाचे मात्र दोनच, सुरभी आणि असुरभी. तत्त्वज्ञाला तेवढे पुरेसे वाटले असावे.

वैद्यांचे तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे एकतीस रोग वर्णिलेले आहेत. त्यांतील अपीनस या रोगात नाक चोंदते, कोरडे पडते वा पाझरते, आणि रोग्याला गंध व रस कळेनासे होतात, असे सांगितले आहे. गंधाबरोबर रसाचाही उल्लेख यावा, हे निरीक्षण मार्मिक आहे. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या वासाचा असतो. सर्दी झाली की आमटी आणि भाजी सारखीच लागते, हा सर्वांचाच अनुभव आहे.

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात या विषयाला निराळे वळण मिळते. हे स्थान मृत्युसूचक लक्षणांचे आहे. तेथे असे सांगितले आहे, की ज्याला चांगला वास वाईट व वाईट वास चांगला भासू लागतो, किंवा ज्याला वास मुळीच कळेनासा होतो, त्याचे आयुष्य सरले असे जाणावे. सुश्रुतानेही याच धर्तीवर लिहिले आहे. विझलेल्या दिव्याचा वास न येणे, मित्राचे वचन न ऐकणे आणि अरुंधतीचा तारा न दिसणे, ही गतायुषी माणसाची लक्षणे सांगणारे सुभाषित तर आपणांपैकी अनेकांनी बालपणीच पाठ केलेले असेल.

या ठिकाणी एका अर्वाचीन संशोधनाचा निर्देश करणे अवश्य आहे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेतील ५७ ते ८५ या वयाच्या ३,००५ स्त्रीपुरुषांची घ्राणशक्ती तपासून पाच वर्षांनी त्यांची पुन्हा माहिती घेण्यात आली होती. ज्यांचे घ्राण शाबूत होते त्यांच्यापैकी १० टक्के, ज्यांचे मंदावले होते त्यांच्यापैकी १९ टक्के, आणि ज्यांचे जवळजवळ नष्ट झाले होते त्यांच्यापैकी ३९ टक्के व्यक्ती त्या पाच वर्षांत निवर्तल्या होत्या. घ्राणनाशामुळे मृत्यू येतो असा याचा अर्थ नव्हे. शरीरातील झीज अन्यत्र प्रकट होण्यापूर्वी नाकाच्या ठिकाणी दिसते, इतकाच.

हे आकडे पाहून ‘आमच्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. जुन्या वैद्यांनी मरणोन्मुख रोग्यांचे बारकाईने निरीक्षण केले होते, याचे श्रेय त्यांना निःसंशय द्यावे. तथापि त्यांनी घ्राणहानीकडे पाहिले ते रोग्याच्या शेवटाचे चिन्ह म्हणून. ज्याला वास येत नाही आणि तरीही ज्याला पुढे पन्नास-साठ वर्षे जगावयाचे आहे, त्याच्या जगण्याचा विचार या वचनांत नाही. आमच्या नववीतल्या मुलीला ते सुभाषित शब्दशः लावून पाहा, म्हणजे त्याची मर्यादा ध्यानात येईल.

वैद्यकाच्या जोडीला आपल्याकडे गंधशास्त्राची स्वतंत्र परंपरा होती. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर एक अध्याय लिहिला. त्यात सोळा द्रव्यांपासून निरनिराळ्या प्रमाणांत १,७४,७२० सुगंधी मिश्रणे होतात, असे गणित आहे. आपल्या दक्षिणेत कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला, त्यात राजाच्या उपभोगांमध्ये विलेपन व धूप यांची पाककृतींसारखी तपशीलवार कृती दिली आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळाशी निगडित असा ‘इत्र-ए-नौरसशाही’ हा फारसी ग्रंथही याच विषयावरचा.

आपणा मराठी वाचकांना विशेष जवळचा ग्रंथ म्हणजे ‘गंधवाद’. हा अज्ञात कर्त्याचा ग्रंथ आणि गंगाधर नामक ग्रंथकाराचा ‘गंधसार’ यांचा परिचय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० च्या दशकात विद्वानांना करून दिला. ‘गंधवादा’वर जुनी मराठी टीका आहे. म्हणजे अत्तरे, उटणी व धूप सिद्ध करण्याची विद्या समजावून देण्यासाठी कोणा जाणकाराने मराठी ही योग्य भाषा मानली होती. पुढे १९८९ साली वडोदऱ्याच्या प्राच्य विद्या मंदिराने हे दोन्ही ग्रंथ, त्या मराठी टीकेसह, आपल्या गायकवाड ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. ‘मानसोल्लास’ही याच मालेतून बाहेर पडला होता. महाराष्ट्राबाहेरील मराठी केंद्रांनी आपल्या विद्येची केलेली ही सेवा या निमित्ताने स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

पण या वैभवशाली परंपरेचा विषय सुगंध हा होता. पारखणारे नाक तेथे गृहीत धरलेले होते. ते निकामी झाले तर त्या माणसाचे काय, हा प्रश्न त्या शास्त्राच्या कक्षेत येतच नव्हता.

आता पाश्चात्य विचाराकडे वळू. तेथे घ्राणाची उपेक्षा स्वाभाविक दुर्लक्षातून न राहता पुढे चक्क सिद्धांताच्या रूपाने मांडली गेली. प्रारंभ ॲरिस्टॉटलपासून होतो. मनुष्याचे घ्राण इतर अनेक प्राण्यांच्या मानाने कमी प्रतीचे आहे, असे त्याने नमूद केले. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याने वासाचे खरे इंद्रिय नाकात नसून मेंदूच्या पुढील पोकळ्यांत आहे, असे मत दिले. नाकाच्या छताच्या हाडाला चाळणीसारखी छिद्रे असतात. त्यांतून वास वर मेंदूत जातो, आणि मेंदूतील कफ खाली नाकात उतरतो, अशी समजूत त्यातून दृढ झाली. सर्दी म्हणजे मेंदूचे गळणे, ही कल्पना चौदाशे-पंधराशे वर्षे टिकली. १६६० साली विटेनबर्गच्या कॉनराड व्हिक्टर श्नायडर याने शेंबूड हा मेंदूतून येत नसून नाकाच्या आतील श्लेष्मल त्वचेतच निर्माण होतो, असे दाखवून दिले, तेव्हा कोठे नाक हे नाक म्हणून अभ्यासाचा विषय झाले.

परंतु ज्ञान वाढले म्हणून प्रतिष्ठा वाढली नाही. १७९८ साली इमान्युएल कांट याने आपल्या मानवशास्त्रावरील ग्रंथात पाचही इंद्रियांची तुलना केली आणि घ्राण हे सर्वांत कृतघ्न व सर्वांत सहज सोडून देता येण्यासारखे इंद्रिय ठरविले. त्यापासून सुखापेक्षा किळसच अधिक वाट्याला येते, असे त्याचे म्हणणे. कांटसारख्या तत्त्वज्ञाचा हा निर्णय सुशिक्षितांच्या मनावर परिणाम केल्यावाचून कसा राहील?

पुढचे पाऊल शरीरशास्त्राने टाकले. मेंदूतील वाचेचे केंद्र दाखवून देणारा फ्रेंच शस्त्रवैद्य पॉल ब्रोका याने १८७९ साली सस्तन प्राण्यांचे, ज्यांच्या जीवनात घ्राणाचे प्राबल्य आहे असे व ज्यांच्यात ते नाही असे, दोन वर्ग पाडले, व मनुष्याला दुसऱ्या वर्गात घातले. या वर्गाला त्याने दिलेले नाव ग्रीक भाषेतल्या ‘गंधहीन’ या अर्थाच्या शब्दावरून आले होते. वैद्यक ज्याला ‘ॲनॉस्मिया’ म्हणते तो रोगवाचक शब्दही त्याच मुळाचा. मनुष्याचा मेंदूचा पुढचा भाग मोठा आणि त्या मानाने घ्राणकंद लहान, त्याअर्थी मनुष्य वासाच्या दास्यातून सुटून बुद्धीच्या राज्यात आला, असा एकंदर युक्तिवाद होता. माणसांना प्रत्यक्ष वास देऊन त्यांची परीक्षा घेण्याच्या आधारावर हे मत बनलेले नव्हते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे. अशा रीतीने वास न कळणे ही हानी न राहता सुधारणेची किंमत, किंबहुना तिचे भूषणच ठरले.

या मताचा साधार प्रतिवाद व्हावयास २०१७ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या जॉन मॅकगॅन या संशोधकाने ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहून दाखविले, की मनुष्याचे घ्राण दुबळे आहे ही एकोणिसाव्या शतकातील दंतकथा होय. मनुष्याचा घ्राणकंद बाकीच्या मेंदूच्या मानाने लहान दिसला, तरी प्रत्यक्षात तो लहान नाही, आणि त्यातील चेतापेशींची संख्या इतर सस्तन प्राण्यांच्या तोडीची आहे. आपल्या मृद्गंधाचेच उदाहरण घ्या. तापलेल्या मातीवर पाऊस पडला असता येणाऱ्या वासाचा अभ्यास ऑस्ट्रेलियातील इझाबेल बेअर व रिचर्ड थॉमस यांनी केला व १९६४ साली त्याला इंग्रजीत ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले; आपल्याकडे मातीचे अत्तर काढतात, याची त्यांनी दखल घेतली होती. या वासातील मातकटपणाचे कारण असलेले ‘जिओस्मिन’ हे द्रव्य १९६५ साली ओळखले गेले. मातीतील सूक्ष्म जीव ते तयार करतात. पाण्याच्या लाख कोटी भागांत या द्रव्याचे अगदी थोडे भाग असले तरी माणसाच्या नाकाला ते कळते. अशा नाकाला दुबळे कसे म्हणावे?

एकोणिसाव्या शतकात नाकाला एक मोठी सार्वजनिक जबाबदारीही मिळाली होती आणि ती तितक्याच लवकर गेली, हा या इतिहासाचा एक चमत्कारिक भाग आहे. दूषित हवा हीच रोगाचे मूळ, असे तेव्हा मानीत. इंग्लंडातील आरोग्यसुधारक एडविन चॅडविक याने १८४६ साली तीव्र दुर्गंधी म्हणजे रोगच, अशा आशयाची साक्ष पार्लमेंटच्या समितीपुढे दिली. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटलाच बसणे अशक्य झाले, तेव्हा लंडनच्या भुयारी गटारांचे काम मंजूर झाले. पुढे १८८० नंतर रोगजंतूंचा सिद्धांत प्रस्थापित झाला, आणि रोग ओळखण्याचे काम नाकाकडून सूक्ष्मदर्शकाकडे गेले.

तरीही समाज नाकावर किती विसंबून आहे, हे एका शाळेवरील आपत्तीने जगाला दाखविले. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी नैसर्गिक वायूची गळती होऊन स्फोट झाला. सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. या वायूला स्वतःचा वास नसतो. त्यामुळे इमारतीखाली तो साठत असताना कोणालाही त्याचा सुगावा लागला नाही. त्यानंतर इंधनवायूत दुर्गंधी द्रव्य मिसळणे टेक्सासमध्ये कायद्याने आवश्यक करण्यात आले. आज आपल्या स्वयंपाकघरातील गॅसला जो उग्र वास येतो तोही मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचाच. ही खबरदारी उत्तमच होय. परंतु ती प्रत्येकाला वास येतो असे गृहीत धरून घेतलेली आहे. ज्याला येत नाही तो माणूस आजही १९३७ च्या त्या शाळेतच बसलेला आहे.

एखाद्या उणिवेची समाज किती कदर करतो, हे ती मोजण्याचे साधन केव्हा निघाले यावरून समजते. डच नेत्रवैद्य स्नेलेन याने लहान-मोठ्या अक्षरांचा तक्ता १८६२ साली तयार केला, आणि तो जगभर शाळांच्या भिंतींवर गेला. घ्राणाच्या बाबतीत व्यापक प्रमाणावर वापरता येईल अशी प्रमाणित चाचणी १९८४ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी यांनी सिद्ध केली. तीत चाळीस वास असलेल्या पुस्तिका असतात, कागद खरवडून वास घ्यावयाचा व चार पर्यायांतून ओळखावयाचा. डोळा आणि नाक यांच्यामध्ये १२२ वर्षांचे अंतर पडले.

याच सुमारास घ्राणाच्या यंत्रणेचेही कोडे उलगडू लागले. नाकाच्या छताशी काही चौरस सेंटिमीटर एवढ्याच जागेत लक्षावधी घ्राणपेशी असतात. त्यांचे बारीक तंतू चाळणीसारख्या हाडाच्या छिद्रांतून वर घ्राणकंदात जातात. १९९१ साली लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी वास ग्रहण करणाऱ्या रेणूंची जनुके शोधून काढली. मनुष्यात अशी कार्यक्षम जनुके सुमारे ४०० आहेत. एकेक वास अनेक ग्राही रेणूंना निरनिराळ्या प्रमाणात जागे करतो, आणि त्या जुळणीवरून मेंदू तो ओळखतो. थोड्या अक्षरांतून असंख्य शब्द व्हावेत, तसे हे आहे. या कार्यासाठी दोघांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या रचनेवरून घ्राणहानीची कारणेही स्पष्ट होतात. नाकात मांसांकुर वाढले किंवा जुनाट सर्दीने सूज आली, तर वास वर पोचतच नाही. डोक्यावर आघात झाला, तर त्या छिद्रांतील तंतू तुटू शकतात. विषाणू घ्राणपेशींच्या थराची हानी करतात. म्हातारपणी घ्राण मंदावते. कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या विकारात तर हात कापू लागण्यापूर्वी कित्येक वर्षे ते मंदावलेले असू शकते. काहींना ते जन्मतःच नसते. अशा मुलांत क्वचित वयात येण्याची क्रियाही अडून राहते; स्पेनमधील माएस्त्रे दे सान हुआन यांनी १८५६ साली व नंतर १९४४ साली कालमान यांनी हा संबंध दाखविला. आठवी-नववीच्या मुलामुलींशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे, कारण या विकारावर वेळेवर उपचार होऊ शकतात. याखेरीज घ्राण पालटण्याचाही एक विकार आहे. त्यात परिचित वास विपरीत होतात. कांद्याची फोडणी किंवा कॉफी जळक्या घाणीसारखी भासते. चरकाने मृत्युचिन्हांत गणलेला तो हाच विपर्यास असावा. पण पुष्कळदा तो नष्ट झालेले घ्राण परत येत असतानाच्या अवस्थेत दिसतो, म्हणजे उलट बरे होण्याच्या वाटेवर भेटतो.

हे सर्व ज्ञान तज्ज्ञांपुरते राहिले असते. परंतु २०२० साली करोनाची साथ आली आणि जगभर कोट्यवधी लोकांना एकाएकी वास येईनासा झाला. १३ जून २०२० रोजी भारत सरकारच्या आरोग्य खात्याने वास व चव जाणे हे या रोगाच्या लक्षणांत समाविष्ट केले. हा विषाणू मुख्यतः घ्राणपेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो, असे संशोधनात आढळले. म्हणून पुष्कळांचे घ्राण काही आठवड्यांत परतले. ज्यांचे परतले नाही, त्यांना मात्र ‘जीव वाचला ना, मग वासाचे काय घेऊन बसलात’ हे वाक्य घरी व दवाखान्यातही ऐकावे लागले. जेवण नकोसे होणे, आपल्या अंगाला घाम-घाण येत असेल या शंकेने चारचौघांत जाणे टाळणे, तान्ह्या मुलाच्या अंगाचा वास हरपणे, या यातना सांगावयासही त्यांना संकोच वाटे. लक्षण म्हणून घ्राणहानीची नोंद झाली. दुःख म्हणून व्हावयाची होती.

उपायांच्या बाबतीत आशेला जागा आहे. घ्राणपेशी आयुष्यभर नव्याने निर्माण होत असतात, आणि चेतापेशींमध्ये हा गुण विरळा आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील टॉमस हुमेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक साधा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. गुलाब, लिंबू, लवंग व निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे लक्षपूर्वक हुंगावयाचे. याने सर्वांनाच गुण येतो असे नाही, पण काहींचे घ्राण सुधारते. विसरलेला धडा रोज थोडा थोडा गिरवावा, तशी ही रीत आहे. शिक्षकांना ती परकी वाटू नये.

जन्मतःच घ्राण नसलेल्यांना मात्र या उपायाचा उपयोग नाही. आमच्या विद्यार्थिनीला डॉक्टरांनी तसेच सांगितले. तिच्या आईला शाळेत बोलावून सर्व समजावून दिले, तेव्हा ती माउली बराच वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, ‘सर, मी तिला उगाच बोलत होते हो.’ आता त्यांच्या घरी गॅसची गळती ओळखणारे यंत्र बसविले आहे, आणि उरलेल्या अन्नाच्या डब्यांवर दिवस लिहून ठेवण्याची सवय मुलीने स्वतःच लावून घेतली आहे.

आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यंगांची गणना आहे. घ्राणहानी त्यांत नाही. ती असावी की नसावी, हा कायदेपंडितांचा विषय होय. अंधत्वाशी तिची बरोबरी करावी, असेही माझे म्हणणे नाही. पण शाळेच्या पातळीवर आपणांस काही करता येईल. आरोग्य तपासणीच्या दिवशी डोळे मिटवून लवंग, लिंबाची साल आणि कॉफीची पूड हुंगावयास देण्यास न खर्च लागतो, न तज्ज्ञ. तीनही ओळखता न येणाऱ्या मुलाला डॉक्टरांकडे पाठवावे, एवढेच. तसेच, ज्याला वास येत नाही त्याच्यासाठी एक सुटसुटीत, तुच्छतेचा स्पर्श नसलेला मराठी शब्द रूढ करणे, हे काम आपल्या साहित्यसंस्थांनी मनावर घेण्यासारखे आहे. या लेखात मी ‘घ्राणहानी’ हा शब्द योजला, तो गैरसोयीचा आहे हे मी जाणतो; जन्मापासून ज्याच्याजवळ जे नव्हतेच, त्याची हानी झाली असे तरी कसे म्हणावे?

राहिला त्या मुलीचा प्रश्न. तिला मी पूर्ण गुण दिले. त्याचबरोबर आमच्या मराठीच्या शिक्षकांची बैठक घेऊन ‘पहिल्या पावसा’च्या गुणदानातून मृद्गंधाचा ठरलेला अर्धा गुण काढून टाकला. ज्याला जे जाणवले ते त्याने लिहावे, असे विद्यार्थ्यांना सांगितले. त्या वर्षीच्या निबंधांत मृद्गंध पूर्वीपेक्षा पुष्कळच कमी आला. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की वास येणारी कितीतरी मुलेही आजवर तो न घेताच लिहीत होती.